गावाकडं घर बांधताय? जागा ठरवण्याआधी पाणी, पांढरी आणि सातबारा बघून घ्या

मुंबईत माथाडीचं काम करून, पुण्यात कंपनीत खपून किंवा फौजेतून निवृत्त होऊन आपल्या जिल्ह्यात परत येणारी माणसं दरवर्षी वाढत आहेत. हातात फंडाचे पैसे असतात, पोरं शहरातच राहणार असतात आणि नवरा-बायकोला गावाकडं दोन खोल्यांचं नीट घर हवं असतं. काहींना आपल्या गावात जागाच उरलेली नसते, भावकीत वाटण्या होऊन वाट्याला अर्धी पडवी आलेली असते. मग "रस्त्याला लागून दोन गुंठे आहेत, लगेच घ्या" असं सांगणारा कोणीतरी भेटतो. आयुष्यभराची कमाई तिथं एका दिवसात अडकते. म्हणून जागा बघायला निघण्याआधी हा लेख वाचा, आणि मुंबईला असलेल्या भावालाही पाठवा.

सातारा जिल्ह्यात "गावाकडं राहायचं" याचा अर्थ तालुक्यागणिक बदलतो. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि शंभर किलोमीटरही पूर्वेला जायच्या आत माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येतो. जावळी-पाटणच्या डोंगरात पावसाळा कसा काढायचा ही चिंता, तर माण-खटावमध्ये उन्हाळा. कराड, कोरेगाव, फलटणच्या बागायती पट्ट्यात पाणी आहे, रस्ते आहेत, पण जागेचा भाव शहराशी स्पर्धा करतो. त्यामुळे "सगळ्यात चांगलं गाव कोणतं" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. एखाद्या जागेला नाही कधी म्हणायचं, हे मात्र नक्की सांगता येतं.

आधी पाणी, बाकी नंतर

जागा दिवाळीनंतर बघू नका. तेव्हा सगळा महाराष्ट्र सुंदर दिसतो. ओढे वाहत असतात, विहिरी काठोकाठ असतात, आणि विकणारा माणूस विहिरीत बोट दाखवून "कधीच आटत नाही" म्हणतो. मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जा. त्याच विहिरीत डोकावून बघा, गावात टँकर येतो का ते विचारा. हे पुरुषांना पारावर विचारून उपयोग नाही. नळावर, हातपंपावर असलेल्या बायकांना विचारा. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, किती वेळ येतं, शेवटच्या घरापर्यंत दाब पोचतो का, हे त्यांच्याइतकं ग्रामपंचायतीच्या दप्तरातही नीट लिहिलेलं नसतं.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. त्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात नळाने देण्याचं ठरलं आहे. पण नळ असणं आणि पाणी असणं यात फरक आहे. योजनेची विहीर कुठं आहे, ती उन्हाळ्यात टिकते का, पंपाचं वीजबिल थकलंय का, हे विचारा. वीजबिल थकल्यामुळे पाणीयोजना बंद पडलेली गावं शोधायला लांब जावं लागत नाही.

"बोअर मारू की" हे उत्तर सगळ्यात सोपं आणि सगळ्यात धोक्याचं. आपल्याकडं खाली काळा पाषाण आहे. या खडकात पाणी फटींत आणि थरांच्या सांध्यात मिळतं, सगळीकडं सारखं पसरलेलं नसतं. शेजाऱ्याला दोनशे फुटांवर पाणी लागलं म्हणून तुम्हाला लागेलच असं नाही. नारळ हातावर उभा करणारे, पायाळू माणूस चालवून जागा दाखवणारे आपल्याकडं अजून आहेत. श्रद्धा ज्याची त्याची, पण चारशे फुटांचं बिल तुमचंच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, तिथं विचारून घ्या. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीच्या ५०० मीटरच्या आत नवीन विहीर किंवा बोअर घ्यायची असेल तर परवानगीचा प्रश्न येतो, हेही लक्षात असू द्या. बोअर आधीपासून असेल तर त्याचं पाणी तपासून घ्या. क्षार जास्त असले तर गीझर, कॉइल तर जातेच, डाळही शिजत नाही.

पूर्व भागाबद्दल एक गैरसमज काढायला हवा. दुष्काळी तालुका म्हणजे प्रत्येक गाव कोरडं असं नाही. कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव २०१६ ला पहिल्या वॉटर कपचं विजेतं झालं, माण तालुक्यातल्या टाकेवाडीने २०१८ ला पहिला नंबर मिळवला. खटावच्या निढळचं नाव तर त्याच्या आधीपासून आहे. डोंगरावर सलग समतल चर, ओढ्याला बांध, शिवारात शेततळी अशी कामं झालेल्या आणि ती नंतर राखलेल्या गावात घर घेणं, हे बागायती पट्ट्यातल्या बेशिस्त गावात घर घेण्यापेक्षा कधीकधी शहाणपणाचं ठरतं. फक्त काम राखलंय का ते बघा. चर गाळाने बुजलेले असतील तर बक्षिसाचा फलक काय कामाचा? उरमोडी आणि जिहे-कठापूरचं पाणी माण-खटावच्या काही शिवारात आलंय, पण ते शेतीचं आवर्तन आहे. घराच्या टाकीत ते आपोआप येत नाही.

पांढरी आणि काळी

जुन्या लोकांनी गाव वसवलं ते पांढरीवर आणि शेती ठेवली काळीत. गावठाणाला पांढरी म्हणतात ते उगाच नाही. उंचवट्याची, मुरमाड, पाणी न साठणारी जागा राहायला आणि भारी जमीन पिकाला. आता रस्ता झाला की रस्त्याकडेच्या काळ्या रानात प्लॉट पडतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया वरच्यावर घेतला तर दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरप्या चिरा पडतात, दारं चौकटीत अडकतात. अशा जागेत पाया खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत न्यावा लागतो, आणि तो किती खोल आहे हे जागा घेण्याआधीच कळायला हवं. जेसीबीने एक खड्डा मारून बघायला काही हजार रुपये जातात. मालक खड्डा मारू देत नसेल तर तोही एक निरोपच समजा.

कॅनॉलच्या खालच्या अंगाला स्वस्त जागा मिळाली तर दोनदा विचार करा. पाझराने जमीन कायम ओलसर राहते, शौचालयाचा शोषखड्डा भरून येतो, भिंतींना खालून ओल चढते. वर पांढरट मीठ फुटलेलं दिसलं किंवा पाणकणीस उगवलेलं दिसलं की समजून जा.

डोंगर, नदी आणि भूकंप

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण इथं पैशाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

२०२१ च्या जुलैमध्ये २२-२३ तारखेच्या पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या आणि घरं माणसांसकट गाडली गेली. वाई तालुक्यात कोंढावळ्याच्या देवरुखवाडीवरही तेच संकट आलं. त्याच पावसात महाडजवळ तळिये गेलं. त्याआधी ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये दीडशेहून जास्त माणसं गेली आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड आली. या सगळ्या वाड्या तीव्र उताराच्या पायथ्याला किंवा उतारावरच होत्या. फार्महाऊससाठी "व्ह्यू" बघून जी जागा दाखवतात तीही नेमकी तशीच असते.

डोंगराच्या पोटाला जागा असेल तर वर चढून बघा. जमिनीला लांबलचक भेगा आहेत का, झाडं आणि विजेचे खांब एका बाजूला कलले आहेत का, पावसाळ्यात नवीन झरे फुटतात का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं का, हे गावातल्या गुराख्याला विचारा. वर कोणी रस्त्यासाठी किंवा सपाटीकरणासाठी उतार खणून ठेवलाय का तेही बघा. तहसील कार्यालयात दरडप्रवण गावांची यादी असते. त्या यादीत गाव असेल तर जागा फुकट मिळाली तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नदीकाठाला जलसंपदा विभागाच्या पूररेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला परवानगी नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटींवर. कृष्णा-कोयनेने २०१९ आणि २०२१ ला कराड-पाटण भागात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. नकाशा मिळायला वेळ लागत असेल तर काठावरच्या जुन्या देवळात जा. कुठल्या साली पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं हे पुजारी बोट ठेवून दाखवतो. लहान ओढ्यांना मात्र बहुतेक ठिकाणी आखलेली पूररेषा नसते, आणि ओढा बुजवून पाडलेले प्लॉट सर्रास विकले जातात. पावसाळ्यात एकदा, जोराचा पाऊस चालू असताना, जागेवर उभं राहून पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते बघणं हाच त्यावर उपाय.

आणि कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप सांगणारी माणसं पाटण तालुक्यात अजून आहेत. छोटे धक्के आजही बसतात. जुनं दगड-मातीचं घर स्वस्तात मिळतंय, छान थंड राहतं, हे खरं. पण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ ला काय केलं ते आठवा. असं घर घ्यायचं तर इंजिनीअरला दाखवून पट्टे, कोपऱ्यांची बांधणी करून घ्यायची तयारी ठेवा.

दोन गुंठ्यांचं गौडबंगाल

आता कागद. सगळ्यात जास्त माणसं इथंच फसतात.

शेतजमीन विकत घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ चा हा नियम आहे. तुमच्या नावावर सातबारा किंवा आठ-अ नसेल तर आधी तेच बघा. दुसरं, १९४७ चा तुकडेबंदी कायदा. २०२३ च्या अधिसूचनेनुसार जिरायतीत २० गुंठे आणि बागायतीत १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे, त्याहून लहान शेतजमिनीचा तुकडा साध्या खरेदीखताने घेता येत नाही. यात सरकार सवलती देत आलंय, नियम बदलत आहेत, म्हणून व्यवहाराच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन त्या दिवशीचा नियम विचारा. व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवर जाऊ नका.

मग एजंट वाट काढतो. एक वाट नोटरीची: शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टँपवर लिहून द्यायचं आणि "ताबा घ्या, पुढं नाव लागेल" म्हणायचं. नाव लागत नाही. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावराची खरेदी नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, नोटरीच्या शिक्क्याने मालकी येत नाही. दुसरी वाट सामाईकाची. दहा माणसं मिळून २० गुंठे घेतात, सगळ्यांची नावं एकाच सातबाऱ्यावर लागतात, प्रत्येकाला "हा तुझा तुकडा" असं जागेवर फक्की मारून दाखवतात. कागदावर मात्र कोणाचा तुकडा कुठला ते लिहिलेलंच नसतं. पुढं एकाने कर्ज काढलं, एक वारला, एकाने वाटणीचा दावा टाकला की बाकीच्या नऊ जणांची झोप उडते. अशा जागेवर बँकही सहसा घरकर्ज देत नाही.

त्यापेक्षा गावठाणातली जागा किंवा रीतसर एनए झालेला, मंजूर रेखांकनातला प्लॉट महाग पडला तरी घ्या. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला महसूल कायद्याच्या कलम ४२-ड प्रमाणे आकारणीची रक्कम भरून अकृषिकचा फायदा मिळू शकतो. तहसीलदारांकडं त्याची चौकशी करा, खूप जणांना ही तरतूद ठाऊकच नसते.

सातबारा मोबाईलवर दिसतो, पण नुसतं मालकाचं नाव बघून बंद करू नका. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २? वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. इतर हक्कात बँकेचा, सोसायटीचा बोजा आहे का? कुळाचं नाव आहे का? "पुनर्वसनासाठी राखीव" असा शेरा आहे का? आपल्या जिल्ह्यात धरणं इतकी आहेत की हा शेरा बऱ्याच गटांवर सापडतो. क्षेत्र वाचताना गोंधळ नको: सातबाऱ्यावर ०.०२ असेल तर ते २ आर, म्हणजे २०० चौरस मीटर. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, आर त्याहून किंचित लहान.

जुने फेरफार काढून बघा. वडिलोपार्जित जमीन असेल तर बहिणींची नावं कुठं गेली हा प्रश्न विचाराच. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर "बहिणी काही बोलणार नाहीत" या शब्दावर व्यवहार करू नये. जमिनीचा भाव वाढला की बहिणी नाही, तर भाचे बोलतात.

गावठाणातल्या घराचं आणखी वेगळं. तिथं सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. तो घरपट्टीसाठी आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. तलाठ्याकडच्या आठ-अ शी त्याचा घोळ घालू नका. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. विकणाऱ्याकडं ती असेल तर उत्तम.

मोजणी केल्याशिवाय पुढं जाऊ नका. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मोजणी करून घ्या, हद्दीच्या खुणा लगतच्या शेतकऱ्यांसमोर दाखवून घ्या आणि मोजणी नकाशाची क प्रत ठेवा. बांधावरून वाद न झालेलं गाव आपल्याकडं अजून व्हायचंय.

रस्ता कोणाच्या मेहरबानीवर?

बारा फुटी रस्ता डोळ्याने दिसतो म्हणून तो तुमचा होत नाही. तो गाव नकाशावर आहे का, की शेजाऱ्याच्या बांधावरून आज चालू दिलंय म्हणून आहे? खरेदीखतात रस्त्याची रुंदी, दिशा आणि कोणत्या गटातून जातो हे लिहून घ्या, आणि त्या गटाच्या मालकाची सही असू द्या. पुढं अडवणूक झालीच तर वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढायला तहसीलदारांकडं मामलेदार कोर्ट कायद्याने दाद मागता येते, नवीन रस्त्यासाठी महसूल कायद्याचं कलम १४३ आहे. पण त्यात महिने जातात, आणि तोपर्यंत विटांचा ट्रक लांबच उभा राहतो.

स्मशानभूमीचा रस्ता बघितलाय का? ऐकायला बरं वाटत नाही, पण पावसाळ्यात चिखलातून, नाहीतर कोणाच्या तरी उसातून तिरडी न्यावी लागणारी गावं आहेत. म्हातारपण काढायला येताय तर हेही विचारावं लागतं.

दवाखाना, शाळा, वीज

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, मिनिटांत मोजा, तेही रात्रीच्या पावसात. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीला ३० हजार आणि डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागं एक असतं. पाटी आहे, पण रात्री डॉक्टर मुक्कामाला असतात का? सर्पदंशाची लस शिल्लक असते का? १०८ ची गाडी यायला किती वेळ लागतो? आशाताईला विचारा, ती खरं सांगते. बामणोली-तापोळ्याकडच्या काही वाड्यांना अजून लाँचचा आधार लागतो. तिथलं पाणी, जंगल, शांतता बघून मन भरतं, पण ज्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायचंय त्याने तिथं घर बांधू नये.

नातवंडं गावात शिकणार असतील तर शाळेचा पट विचारा. कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. हायस्कूल-कॉलेजसाठी मात्र एसटीवर भिस्त, आणि संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता सुटते यावर मुलींचं शिक्षण ठरतं.

विजेचं एक बारीक सूत्र आहे. गावठाणातलं घर गावठाण फीडरवर असतं, रानातलं वस्तीवरचं घर बऱ्याचदा शेतीपंपाच्या फीडरवर. तिथं थ्री फेज पाळीपाळीने येते, बाकी वेळ कमी दाबाच्या सिंगल फेजवर पंखा फिरतो न फिरतो. जागा कुठल्या फीडरवर आहे ते वायरमनला विचारून घ्या. पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने सौर ग्राम होऊन राज्यात नाव मिळवलंय. त्या गावाने हे केलं कारण गावात एकी होती, आणि एकी विकत मिळत नाही.

शेजार

म्हणूनच ग्रामसभेला एकदा जाऊन मागं बसा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी त्या होतात. सभा प्रत्यक्ष भरते की सह्यांसाठी रजिस्टर घरोघरी फिरतं, बायका बोलतात का, घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली किती, यावरून गाव कसं आहे ते तासाभरात कळतं. बाहेरून आलेल्याला, दुसऱ्या जातीच्या माणसाला, एकट्या बाईला गावात कसं वागवतात, हे मात्र सभेत कळत नाही. त्यासाठी आधी बाहेरून येऊन राहिलेलं एखादं कुटुंब गाठा, शाळेचे गुरुजी किंवा बँकेतले साहेब असले तरी चालतील.

आजूबाजूला काय आहे ते वाऱ्याच्या दिशेने बघा. पोल्ट्री असेल तर माश्या, गुऱ्हाळ असेल तर धूर, खडी क्रशर असेल तर धूळ आणि सुरुंगाचे हादरे. कराड-पाटणच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आता नवलाचा राहिलेला नाही, उसाला खेटून एकटं घर बांधायचं तर कंपाउंड, दिवे आणि बंदिस्त गोठ्याचा खर्च धरा. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, कोयनेकडं व्याघ्र प्रकल्प आहे. तिथं बांधकामाचे निर्बंध आधी वाचा, जागा मग.

शक्य असेल तर घेण्याआधी त्याच गावात भाड्याने एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढा. महिन्याचं भाडं तालुक्याच्या लॉजच्या दोन रात्रींइतकंही नसतं. तोवर इसार देऊ नका. द्यायचाच झाला तर चेकने द्या, रोखीने नको, आणि पावतीवर गट नंबर, क्षेत्र, ठरलेली रक्कम, मुदत आणि कागदात खोट निघाल्यास इसार परत मिळेल ही ओळ लिहून घ्या. तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून काढून घ्या, तो वकील मात्र एजंटाने सुचवलेला नको. खरेदीखत नोंदल्यावर फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर तुमचं नाव लागेपर्यंत तलाठी कार्यालयात, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, पाठपुरावा चालू ठेवा. नोटीस काढून हरकतीसाठी मुदत दिली जाते, आणि हरकत आलीय का हे 'आपली चावडी'वर मुंबईत बसूनही बघता येतं.